साठच्या दशकातले युरोपियन हेरपट: कोणत्या भाषेत बघू?

मंडळी, मदत हवी आहे. १९६२ साली 'डॉ. नो' हा पहिला जेम्स बाँडपट चालला आणि इटली, फ्रान्स, स्पेन, पश्चिम जर्मनीतल्या निर्मात्यांनी भागीदारीत धडाधड हेरपट काढले. सध्या मला त्यांचंच वेड लागलंय. गोष्टीत फार दम नसतो, पण खरीखुरी शहरं, झकास सूट आणि डोक्यातून न जाणारं संगीत! 'ओके कॉनरी'च (१९६७) घ्या. नायक म्हणजे बाँड साकारणाऱ्या शॉन कॉनरीचा सख्खा भाऊ नील, जो पेशाने गिलावा करणारा. जोडीला बाँडपटांतलेच बर्नार्ड ली आणि लोइस मॅक्सवेल, वर मोरिकोनेचं संगीत. नक्कल इतकी बिनधास्त की राग येण्याऐवजी हसूच येतं.

आता अडचण. यातल्या बऱ्याच चित्रपटांचा आवाज नंतर भरलेला. सेटवर जो तो आपापल्या भाषेत बोलायचा, मग डबिंग. त्यामुळे इटालियन लावा नाहीतर इंग्रजी, कुणाचे ना कुणाचे ओठ जुळतच नाहीत. मग 'मूळ' भाषा कुठली समजायची? तुम्ही काय करता?

दुसरं, फ्रेंच 'ओएसएस ११७' ही हेरपटांची मालिका केर्विन मॅथ्यूज नायक असलेल्या भागापासून (१९६३) सुरू करू की थेट फ्रेडरिक स्टॅफर्डच्या १९६५च्या ब्राझीलवाल्या भागापासून? वेळ कमी आहे, घरचे आधीच वैतागलेत.

इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हाचा 'डायबोलिक' सुचवू नका. पाहिलाय, आवडलाय, पण तो चोराचा आहे, हेराचा नाही.