मदत हवी आहे: पित्ताशय काढल्यावर तेल-तूप कसं सुरू करायचं?

नमस्कार मंडळी. खड्यांमुळे आईचं पित्ताशय गेल्या महिन्यात दुर्बिणीतून काढलं. टाके भरले, पण जेवणाचं गाडं अडलंय. सिडकोतली मावशी सांगून गेली, "आता हिला तूप जन्मात पचायचं नाही." तेव्हापासून आई बिनफोडणीच्या वरणभातावर आहे.

मी वाचलं ते असं: पित्तरस तयार होतो यकृतात, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय तो फक्त साठवतं, दाट करतं आणि स्निग्ध खाल्लं की एकदम सोडतं. त्यात मावतो तरी किती, 30 ते 50 मिलिलिटर! आता तोच रस थोडा थोडा थेट लहान आतड्यात उतरत राहतो. शिवाय पित्तरस तेलाचे नुसते बारीक थेंब करतो. पुढचं पचन स्वादुपिंडातलं लायपेज नावाचं पाचक द्रव्य करतं, आणि ते तर शाबूत आहे. मग तूप कायमचं बंद कशाला? डॉक्टरही "हळूहळू सुरू करा" म्हणाले, पण हळूहळू म्हणजे नेमकं कसं?

ज्यांच्या घरी हे ऑपरेशन झालंय, त्यांनी क्रम सांगाल का? आधी भाजीला फोडणी की भातावर तूप? परवा हट्टाने भजी खाल्ली आणि रात्रभर जुलाब. हे किती दिवसांत थांबलं? चूर्ण-काढे कृपया सुचवू नका, ते मावशीकडे भरपूर आहेत.

आणि हो, रविवारची मिसळ कोणी पुन्हा सुरू केली का, निदान वरची तर्री काढून? आई रोज विचारते.