कोरस नसलेलं, कोरसने भरलेलं गाणं : शब्द हवा आहे

उलटी बाजू
आवडत्या गाण्यांवर मराठीत लिहायला घेतलंय. रॉक, जॅझ, कव्वाली, गझल, सगळं एकाच लेखात. क्वीन या रॉक बँडच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'बद्दल (१९७५) मी लिहिलं, 'जवळजवळ सहा मिनिटांच्या या गाण्यात कोरसच नाही, तरी ते जगभर लोकांना पाठ आहे.' थोरली बहीण वाचता वाचता तिथेच अडली. म्हणाली, "कोरस नाही कसा? मधला अख्खा भाग कोरसच तर आहे!"

तिचंही खरं. त्या ऑपेरासारख्या तुकड्यात फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनी आवाजावर आवाज चढवत मोठा समुदाय उभा केलाय. मला म्हणायचं होतं ते वेगळंच. त्याच शब्दांत, त्याच चालीत पुन्हा पुन्हा परत येणारा तुकडा या गाण्यात नाही. मराठीत कोरस म्हणजे मागे गाणारी मंडळी, इंग्रजीत दोन्ही. मग त्या परतणाऱ्या तुकड्याला काय लिहू? ध्रुवपद लिहिलं तर बहिणीला भजन आठवतं.

खर्ज
ध्रुवपदच लिहा. ध्रुव म्हणजे अढळ. कडवी बदलतात, हे बदलत नाही. इतका नेमका शब्द घरात असताना बाहेर कशाला जायचं? भजन आठवतं हा सवयीचा भाग आहे, चार लेखांत वापरा, आठवणार नाही. फक्त 'धृपद' लिहू नका, ते अशुद्ध आहे.

जुनी कॅसेट
आमच्याकडे सगळे मुखडाच म्हणतात. मुखडा आणि अंतरा. सोपं आहे, कुणालाही कळतं.

सातवी तार
मुखडा नको. मुखडा म्हणजे चेहरा, तो आधी दिसतो. आपल्या गाण्यात मुखड्याने सुरुवात होते आणि अंतरा संपला की परत तिथेच यायचं. रॉकमध्ये बहुतेक वेळा उलटं. आधी कडवं, खालच्या स्वरांत, जरा दबकत. मग चाल वर चढते आणि तो तुकडा येतो. त्याची वाट बघायला लावलेली असते, आणि मला तर त्या वाट बघण्यासाठीच ही गाणी आवडतात.

अपवाद आहेत, आणि तेही सुंदर आहेत. बीटल्सच्या 'कान्ट बाय मी लव्ह'ची (१९६४) सुरुवात थेट त्या तुकड्याने करावी, ही सूचना निर्माता जॉर्ज मार्टिनची होती. अबाचं 'डान्सिंग क्वीन' (१९७६) तर त्या तुकड्याच्या मध्यातूनच सुरू होतं, उत्तरार्ध आधी. त्याला मुखडा म्हणायचं की अर्धा मुखडा?

खर्ज
म्हणूनच ध्रुवपद. ते आधी येवो, नंतर येवो, ध्रुव ते ध्रुव.

मधली ओळ
पालुपद कुणालाच कसं आठवलं नाही? माझ्या मते हा शब्द पल्लवपदावरून आला. पल्लव म्हणजे पालवी, आणि पदराचं टोकही. कडव्याच्या टोकाला येतं ते पालुपद. बॉब डिलनचं 'ब्लोइन इन द विंड' (१९६३) ऐका. प्रत्येक कडवं त्याच ओळींवर येऊन संपतं. वेगळा तुकडा नाही, वेगळी चढण नाही, फक्त पदराचा काठ. याला ध्रुवपद म्हणणं जड वाटतं, पालुपद चपखल बसतं. कर्नाटक संगीतातली पल्लवीही याच घरातली असणार.

जुनी कॅसेट
पण पल्लवी सुरुवातीला असते, टोकाला नाही! आणि 'तुझं तेच पालुपद' हे आपण कंटाळलो की म्हणतो. ज्या ओळीसाठी गाणं शंभरदा ऐकतो, तिला हा शब्द लावायचा?

मधली ओळ
बोलण्यात तो शब्द कडवट झाला, गाण्यात नाही. रुसव्याच्या भाषेने पळवला म्हणून आपण सोडून द्यायचा का?

काळी चार
मला वेगळंच सांगायचंय. मी बरीच वर्षं कोरसमध्ये गायले. ध्वनिमुद्रिकेवर मुख्य गायिकेचं नाव आणि पुढे 'व साथी' किंवा 'व कोरस'. आमची ओळख तेवढ्या एका शब्दात. तो आता गाण्याच्या तुकड्याला दिला, तर आम्हाला काय म्हणाल?

अरेथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' (१९६७) ऐका. मूळ गाणं ओटिस रेडिंगचं, १९६५चं. त्यात एकेक अक्षर सुटं करून शब्द म्हणण्याची जागा नव्हती, ती अरेथाने आणली. आणि मागून तिच्या बहिणी ज्या तोऱ्यात उत्तर देतात, तो कोरस. तो काढून टाका, गाणं निम्मं होतं. शाहिरामागे झील धरणारे झीलकरी, कव्वालामागचे हमनवा, सगळ्या भाषांनी या माणसांसाठी शब्द जपलेत. मराठीत 'कोरस' आमचा आहे, तो आमच्याकडेच राहू दे.

सातवी तार
काळीचारताई, पटलं. आणि मूळ ग्रीक शब्दही माणसांचाच आहे, नाटकात नाचत गाणाऱ्या समूहाचा.

पाव मात्रा
जॅझवाल्यांचं विसरलात. तिथे कोरस म्हणजे गाण्याच्या साच्याचं एक पूर्ण आवर्तन. ब्लूज असेल तर १२ मात्रांचं. 'त्याने तीन कोरस घेतले' म्हणजे तीन आवर्तनं वाजवली.

सातवी तार
१२ मात्रा नाहीत, १२ बार. एकेका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे आवर्तन ४८ मात्रांचं. लेखात हे चुकीचं जाऊ देऊ नका.

पाव मात्रा
बरोबर, ४८. घाईत लिहिलं. 'आवर्तन' या शब्दाबद्दल तरी दुमत नसावं.

मधली ओळ
खर्ज, तुमच्या 'अशुद्ध'कडे परत येते. तुकोबांनी आत्मचरित्रपर अभंगात सांगितलंय की पुढे गाणाऱ्यांचं धृपद मी धरत असे. गाथेच्या छापील प्रतींत 'धृपद'च आहे. तुकोबांच्या तोंडचा शब्द अशुद्ध?

खर्ज
तुकोबांचा उच्चार मला शिरसावंद्य आहे. लिहिताना मात्र व्युत्पत्ती दिसली पाहिजे, हे माझं मत कायम. शिवाय ध्रुपद ही वेगळी गायकी आहे, घोटाळा तिथूनच होतो.

काळी चार
पण त्या ओळीत किती मोठी गोष्ट आहे! धृपद 'धरायचं' असतं. कुणीतरी पुढे गातं आणि मागचे ते हातात धरून ठेवतात. तुकडा आणि माणसं, दोन्ही एका क्रियापदात आली.

उलटी बाजू
हे फार आवडलं, लेखात घेते. पण क्वीनचं वाक्य अजून तसंच आहे. 'या गाण्यात ध्रुवपद नाही, कोरस मात्र भरपूर आहे' असं केलं. बहीण म्हणते, आता अर्थ कळला, पण क्वीनचं वाटत नाही.

जुनी कॅसेट
'परत येणारी ओळ नाही' एवढंच लिहा की.

खर्ज
एक ओळ नसते ती, चार-चार असतात.

पाव मात्रा
आणि कडवी व ध्रुवपद होऊन गेल्यावर बहुधा एकदाच येणारा, वेगळ्याच स्वरांत नेणारा जो तुकडा असतो, ज्याला ब्रिज म्हणतात, त्याला काय म्हणाल? मला 'संचारी' सुचतंय. ध्रुपदात स्थायी, अंतरा, संचारी, आभोग असे चार भाग असतातच.

सातवी तार
संचारी नाही चालणार. ब्रिजनंतर ध्रुवपद नव्या जोराने परत येतं, संचारीनंतर आभोग येतो. सविस्तर लिहिते, जरा थांबा.