पायरोलिसिसनंतर कोळशातलं ऑर्गॅनिक सल्फर वाढलेलं दिसतंय, असं कसं?

भट्टीवाली_कोथरूड
नमस्कार मंडळी, एमटेकचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट कोळशाच्या पायरोलिसिसवर (म्हणजे हवेशिवाय भाजणं) आहे. सॅम्पल आसामचं घेतलंय कारण आपल्या चंद्रपूरकडच्या कोळशात राख भरपूर पण सल्फर एक टक्क्याच्या आसपासच, त्यात बघायला काही मिळेना. ट्यूब फर्नेस, नायट्रोजन, ६०० डिग्री, अर्धा तास. आधी टोटल सल्फर ३.२ टक्के होतं (पायराइटचं, म्हणजे लोखंड-सल्फरच्या खनिजातलं, ०.८, सल्फेटचं ०.२, ऑर्गॅनिक, म्हणजे कोळशाच्या कार्बनला जोडलेलं, २.२). भाजून झाल्यावर रेसिड्यूत (मागे उरलेल्या भागात) टोटल ३.१, म्हणजे काही गेलंच नाही की काय? पण बाहेर येणाऱ्या गॅससमोर धरलेला लेड अ‍ॅसिटेटचा कागद (हायड्रोजन सल्फाइड लागला की काळा पडतो तो) पाच मिनिटांत काळाकुट्ट झाला, वर चकाकी पण आली. त्याहून विचित्र म्हणजे पायराइट जवळपास शून्य आणि ऑर्गॅनिक ३.०!! एश्का (टोटल सल्फर मोजायची पद्धत) तीनदा केलं, आकडा हलत नाही. शुक्रवारी प्रेझेंटेशन आहे, झोप उडालीय.

वजनकाटा
रेसिड्यू किती उरला ते लिहिलंच नाहीस.

भट्टीवाली_कोथरूड
सॉरी, ५८ टक्के.

वजनकाटा
मग टक्के बाजूला ठेव आणि ग्रॅममध्ये मांड. १०० ग्रॅम कोळशात ३.२ ग्रॅम सल्फर होतं. उरले ५८ ग्रॅम, त्याचे ३.१ टक्के म्हणजे १.८ ग्रॅम. म्हणजे १.४ ग्रॅम, जवळजवळ ४४ टक्के सल्फर गॅस आणि टारमधून गेलं. बाकीचे व्होलाटाइल (तापवल्यावर उडून जाणारे भाग) पण त्याच वेगाने गेले म्हणून टक्का जागचा हलला नाही, तुझा कागद खरंच बोलतोय.

कोकओव्हन_काका
वरचा हिशोब बरोबर आहे. आता ऑर्गॅनिकचं बघू, कारण हा घोळ मी तरुण पोरांच्या रिपोर्टात खूपदा बघितलाय आणि दर वेळी जीव तुटतो. ५००-६०० च्या दरम्यान पायराइट फुटतं, त्यातलं निम्मं सल्फर सुटतं आणि मागे उरतो आयर्न सल्फाइड, पायऱ्होटाइट म्हण. नुसतं पायराइट नायट्रोजनमध्ये तापवलं तर ट्यूबच्या गार टोकाला पिवळा थर बसतो, पण कोळशात त्या सुटलेल्या सल्फरला जागेवरच हायड्रोजन मिळतो आणि ते बहुतेक हायड्रोजन सल्फाइड होऊन जातं.
आता तुझी पद्धत आठव. आधी हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने सल्फेट काढतेस, मग नायट्रिकने पायराइट, आणि जे राहिलं ते वजाबाकीने ऑर्गॅनिक. कच्च्या कोळशाला हे चालतं कारण पायराइट हायड्रोक्लोरिकला दाद देत नाही. पायऱ्होटाइट मात्र लगेच विरघळतो, त्याचं सल्फर गॅस होऊन उडून जातं, ते ना सल्फेटात मोजलं जातं ना पायराइटमध्ये, आणि वजाबाकीत सगळं ऑर्गॅनिकच्या नावावर पडतं. तुझ्या पायराइटच्या ०.८ ग्रॅममधलं निम्मं, ०.४ ग्रॅम, असं लपलेलं असणार. ते काढलं की ऑर्गॅनिक उरतं साधारण १.३ ग्रॅम, आधी २.२ होतं. म्हणजे कमीच झालंय गं!
उपाय सोपा आहे, अ‍ॅसिड घालताना निघणारा गॅस झिंक अ‍ॅसिटेटच्या द्रावणात पकड आणि आयोडीनने टायट्रेट कर, सल्फाइड वेगळं मिळेल. चुनखडी असेल तर त्यातून झालेलं कॅल्शियम सल्फाइडपण त्यातच येईल, तेवढं लक्षात ठेव. आणि हूड चालू ठेव, हा गॅस जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजू नकोस.

थायोफिन
काकांना पूर्ण अनुमोदन, फक्त एक भर. सुटलेलं सल्फर सगळंच बाहेर जात नाही, थोडं वाटेत कार्बनच्या जाळ्याला चिकटून खरोखर ऑर्गॅनिक बनतं, त्यामुळे ते १.३ सगळं मूळचंच आहे असं लिहू नकोस. आणि ऑर्गॅनिक म्हणजे एकच चीज नाही. थायॉल, डायसल्फाइड, साखळीतले सल्फाइड हे सगळे ३०० ते ५०० मध्येच तुटतात, तुझा कागद आधी काळा झाला तो बराचसा यांच्यामुळे. पण थायोफिनच्या (सल्फर अडकलेल्या) रिंगा चिवट, त्या ९०० लापण रेसिड्यूत बसून असतात, काही टारमधून बेंझोथायोफिन होऊन जातात. कागद कितव्या डिग्रीला काळा पडायला लागला ते टिपलंयस का?

भट्टीवाली_कोथरूड
३४० ला तपकिरी, ४२० ला काळा, वहीत लिहिलंय!! काका, आत्ता लॅबमधूनच लिहितेय. रेसिड्यूवर अ‍ॅसिड घातलं आणि फ्लास्कच्या तोंडाशी नवा कागद धरला, दहा सेकंदात काळा. कच्च्या कोळशावर तेच केलं तर कागद पांढरा. दोन्ही कागद शेजारी चिकटवून फोटो पहिल्याच स्लाइडवर टाकतेय, झिंक अ‍ॅसिटेट उद्या सकाळी दुकान उघडलं की आणते.