खण, कप्पा की ड्रॉवर?

डॅनिश कपाटांच्या वर्णनात तीन वेगळे शब्द येतात. 'स्कॉफ' म्हणजे ओढून बाहेर येतो तो, 'ह्युल' म्हणजे आडवी फळी, 'रोम' म्हणजे दोन फळ्यांमधली जागा. मराठीत 'वरच्या खणात ठेव' म्हटलं, तर ओढायचं की नुसता हात घालायचा? भाषांतरात काय लिहावं?

– ओढायचा तो ड्रॉवर. सुतार आणि गिऱ्हाईक दोघंही तेच म्हणतात. 'खण' फळ्यांमधल्या जागेला ठेवावा. घराचा खणही दोन तुळयांमधलीच जागा. कप्पा त्याहून लहान, पाकिटातला वगैरे.

– 'टेबलाचा खण' रुळलेला आहे, त्याला चूक म्हणू नये. घोटाळा मापात होतो. खण आतून 400 मिमी असेल, तर बॉल बेअरिंग चॅनलसाठी, म्हणजे ड्रॉवर सरकवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांसाठी, दोन्ही बाजूंना साधारण साडेबारा मिमी सोडावे लागतात, म्हणजे ड्रॉवर 375चा. लाकडी पट्टीवर सरकणाऱ्याला एकूण 2 मिमी पुरतात. पण भरीव लाकूड पावसाळ्यात त्याच्या रेषांना आडवं फुगतं, लांबीत जवळपास नाही. ड्रॉवरच्या फळ्यांत रेषा लांबीच्या दिशेनं असतात, म्हणून तो अडकतो तो उंचीत. 150 मिमी उंचीला वर 3 मिमी फट ठेवा.

– आणि 'रेओल', म्हणजे बिनदारांची उघडी शेल्फं? 'फडताळ' चालेल?

– नको. फडताळ भिंतीतलं आणि दारांचं. 'मांडणी' घ्या.

– मांडणी म्हटलं की भांडीच डोळ्यांपुढे येतात.

– येऊ देत की! बोर्गे मोगेन्सेन आणि ग्रेथे मायर या डॅनिश डिझायनरांनी 1950च्या दशकात 'बोलिगेन्स ब्युगेस्केबे' ही कपाटं आखली, ती घरातले शर्ट, चादरी, ताटल्या मोजून. मांडणीतही ताटं उभी राहावीत म्हणून पुढे आडवी पट्टी असते. दोन्हीकडे वस्तू आधी, लाकूड मागून.

– अशा कपाटांच्या वर्णनात येणारं 'प्रामाणिक डिझाइन' मात्र खटकतं. प्रामाणिक माणूस असतो. काम 'चोख' असतं. डोव्हटेलचा, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारख्या खाचा एकमेकींत बसवलेला, सांधा उघडा दिसतो, त्यावर मोल्डिंगची शोभेची पट्टी ठोकून झाकलेला नाही, एवढंच सांगायचं असतं.

– चोख म्हणजे भरीव, असं मात्र समजू नका. त्या काळच्या बऱ्याच डॅनिश साइडबोर्डांना, म्हणजे बुटक्या लांब कपाटांना, सागाचं व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, आहे, फक्त कडेला भरीव सागाची पट्टी. 'अस्सल सागवानी' लिहिलंत तर गिऱ्हाईक पॉलिश पेपर घेऊन बसेल आणि अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा घासून काढेल. 'सागाचं व्हिनियर' असंच लिहा. 'टीकवूड' तर नकोच. 'टीक' हा शब्द मल्याळममधल्या 'तेक्क्'वरून पोर्तुगीजांमार्फत युरोपात गेला, आणि आपल्याकडे साग आहेच.