मदत हवी आहे : एमपीडीएखालच्या स्थानबद्धतेची याचिका लांबतेय

राम राम मंडळी. माझा चुलतभाऊ एमपीडीएखाली (झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती वगैरेंना खटल्याविना स्थानबद्ध करायचा महाराष्ट्राचा 1981 चा कायदा) हर्सूल जेलात आहे. आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा, सल्लागार मंडळानं पुरेसं कारण असल्याचा अभिप्राय दिला आणि सरकारनं तो कायम केला. आता हायकोर्टाच्या खंडपीठात हेबियस कॉर्पसची (बेकायदा कैदेतून सोडवण्यासाठीची) याचिका दाखल आहे, पण तारखेला सरकारी वकील शपथपत्रासाठी वेळ मागतात आणि प्रकरण पुढं जातं. मुदतच जास्तीत जास्त 12 महिन्यांची, त्यात अशी चालढकल. मुदत संपून तो सुटला, तर याचिका निरर्थक ठरून निकाली निघेल का? आदेशाचा डाग पुसायचाय, म्हणून विचारतोय.

दुसरं म्हणजे, गोपनीय साक्षीदार 'अ' आणि 'ब' यांच्या जबाबांच्या झेरॉक्स प्रती त्याला दिल्यात. नावं झाकली ते समजू शकतो, पण एक पान निम्मं काळंकुट्ट आहे, घटना कुठं घडली तेवढंसुद्धा वाचता येत नाही. राज्यघटनेच्या कलम 22(5) खाली (स्थानबद्धाला कारणं कळवून निवेदनाची संधी द्यायचं बंधन) एवढ्यावर आदेश रद्द होऊ शकतो का? काकूनं सरकारकडं निवेदन पाठवलंय, पोच आहे, उत्तर मात्र नाही. तो उशीर स्वतंत्र मुद्दा म्हणून आता याचिकेत घालता येतो का, की दुरुस्ती अर्ज लागतो?

आमचे वकील भले माणूस आहेत, पण फौजदारी त्यांचा रोजचा विषय नाही. खंडपीठाच्या विधी सेवा उपसमितीकडून कैद्याला मोफत वकील मिळतो. मधेच वकील बदलला तर नंबर मागं तर जात नाही ना? लवकर सुनावणीची विनंती कोणी केली असेल तर कशी केली, तेही सांगा.

जामिनाचा सल्ला कृपया नको. ही स्थानबद्धता आहे, तिथं जामीन नसतो.