ध्येयांचं चित्र आणि यूज केस: मेळ कसा बसवायचा?

महापे_बीए
महापे एमआयडीसीतल्या एका वितरकाच्या गोडाऊनसाठी डिस्पॅचचं सॉफ्टवेअर करायचं आहे. ध्येयांचं चित्र आय-स्टारमध्ये (कोणाला काय हवंय आणि त्यासाठी कोण कोणावर अवलंबून आहे ते दाखवायची पद्धत) काढलंय, टीमने यूज केसची (वापरणारा सिस्टीमकडून पुरं करून घेतो ते एकेक काम) वेगळी यादी केलीय. दोन्हींचा मेळ बसत नाही. ‘गाडी वेळेत सुटावी’ हे यूज केस धरायचं का? ‘चुकीचा माल जाऊ नये’ कुठे लिहायचं?

तुर्भे_ॲनालिस्ट
चित्रातल्या प्रत्येक चौकटीचं यूज केस करू नका, यादी तिथेच फुगते. एकच माणूस एका बैठकीत ते काम पुरं करू शकतो का, एवढंच तपासा. ‘गाडी वेळेत सुटावी’ यात क्लार्क, पिकर (ऑर्डरचा माल गोळा करणारा), गेटवरचा माणूस असे सगळे येतात, म्हणून ते वरच्या पातळीचं ध्येय. त्याच्या पोटात ‘पिकिंग लिस्ट काढणे’, ‘ई-वे बिल (जीएसटीखाली माल वाहतुकीसाठी लागणारं ऑनलाइन बिल) बनवणे’, ‘गेटपास देणे’ ही यूज केस. लॉगिन ही फक्त पूर्वअट.

मग कोण सिस्टीमवर कशासाठी अवलंबून आहे त्या रेषा बघा. रेष ध्येयाची असेल तर यूज केस. संसाधनाची असेल तर डेटा, म्हणजे चलन, बॅच नंबर. सॉफ्टगोलची (‘लवकर’, ‘नीट’ असं मोघम ध्येय) असेल तर मोजमाप लावून गुणवत्तेची अट लिहा. ‘चुकीचा माल’ हे सॉफ्टगोल वाटतं, पण त्याचा पक्का नियम होतो: बारकोड जुळल्याशिवाय पेटी पुढे जाणार नाही. तो पिकिंगच्या यूज केसमध्ये टाका.

ठाणे_क्यूए
यात भर घालतो. माल माथाडी कामगार भरतात. ‘पेट्या फुटू नयेत’ हे सॉफ्टवेअरच्या हातात नाही. काओस या ध्येयं मांडायच्या दुसऱ्या पद्धतीत सॉफ्टवेअरकडे सोपवलेलं ध्येय ही रिक्वायरमेंट, माणसांकडे सोपवलेलं ही अपेक्षा. अपेक्षा वेगळ्या लिहिल्या नाहीत तर टेस्टिंगला हमखास वाद होतो.

खरी कमाई अडथळ्यांत आहे. प्रत्येक ध्येय कशाने मोडेल ते विचारा. ई-वे बिलात: पोर्टल बंद पडलं, वाटेत गाडी बदलली, पार्ट-बी (बिलातला गाडीच्या तपशिलाचा भाग) पुन्हा भरायचा, बिलाची मुदत संपत आली. प्रत्येक अडथळा म्हणजे यूज केसची एक पर्यायी शाखा. मुदतवाढ मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच मिळते, म्हणजे रात्रपाळीच्या माणसालाही तो अधिकार हवा. नुसत्या यूज केसच्या यादीतून हा ॲक्टर (सिस्टीम वापरणारा) सहसा सुटतो.

महापे_बीए
मालकांना गाडी लवकर हवी, अकाउंट्सना उधारीची मर्यादा तपासल्याशिवाय माल सोडायचा नाही. हे कुठे बसवू?

तुर्भे_ॲनालिस्ट
हा तंटा ध्येयांच्या चित्रातच मिटवा, यूज केसमध्ये ओढू नका. तपासणी गेटवर ठेवली तर भरलेली गाडी उतरवावी लागते. फक्त ऑर्डर घेताना ठेवली तर मधल्या दिवसांत बाकी बदलते. दोन्ही पर्यायांपुढे ‘लवकर’ आणि ‘पैसे अडकू नयेत’ यांना मदत की अडचण, अशा खुणा करा आणि मालक-अकाउंट्स दोघांना समोर बसवा. माझं मत: ऑर्डर घेताना एकदा, पिकिंग लिस्ट निघण्याआधी पुन्हा एकदा. ठरलेला पर्याय यूज केसमध्ये जाईल, नाकारलेला कारणासकट चित्रातच राहू द्या. सहा महिन्यांनी कोणीतरी तोच मुद्दा काढतंच.

मग एक्सेलमध्ये तक्ता करा. ओळींत सगळ्यात खालची ध्येयं, रकान्यांत यूज केस. ओळ रिकामी राहिली तर गरज सुटली. रकाना रिकामा राहिला तर ते यूज केस कोणाला हवंय ते टीमला विचारा, आणि नाव सांगता आलं नाही तर काढून टाका.