छाटणीची तारीख आधी ठरवा
पुष्पप्रदर्शनातल्या स्पर्धेला गुलाब न्यावा की कुंडीतला पोथॉस (मनी प्लांट), असं एकाने विचारलंय. माझं मत: दोन्ही न्या, पण गुलाबाचा हिशोब आत्ताच मांडा. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास असतं. हायब्रिड टी (लांब देठावर एकच मोठं फूल देणारा गुलाबाचा प्रकार) छाटल्यापासून फूल यायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात, थंडी जास्त पडली तर थोडे अधिकच. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कात्री चालवायची. सगळी झाडं एकाच दिवशी छाटू नका, तीन-चार दिवसांच्या अंतराने छाटा. मग एखादं तरी बरोबर वेळेवर येतं.

गुलाबाच्या मुख्य कळीच्या बाजूच्या कळ्या मटारएवढ्या असतानाच खुडा. उशिरा खुडल्या तर देठावर डाग राहतो आणि परीक्षकांना तो लगेच दिसतो. फूल अर्धं ते पाऊण उमललेलं हवं. आदल्या संध्याकाळी तिरकं कापून गळ्यापर्यंत पाण्यात ठेवा. मी एकदा पूर्ण उमललेलं, घरात सगळ्यांनी वाहवा केलेलं फूल नेलं होतं. मंडपात दुपारपर्यंत त्याच्या पाकळ्या टेबलावर!

पोथॉसची कुंडी दर आठवड्याला पाव फेरा फिरवा, नाहीतर झाड खिडकीकडे झुकतं. पानं ओल्या फडक्याने पुसा. दूध, खोबरेल वगैरे चोपडू नका, धूळ चिकटते. कुंडीवरचे क्षारांचे पांढरे डागही घासून काढा.

आणि प्रवेशपत्रावर गुलाबाच्या जातीचं नाव नीट लिहा बरं का, नुसतं 'लाल गुलाब' नको.